तिसरी फेरी

रबरी होडीतल्या वैमानिकाने वल्हं उचललं आणि पाण्यातून वर आलेला पाणबुडीचा पेरिस्कोप दूर ढकलला.

"धरला का, साहेब?" खाली पाणबुडीत टीगने विचारलं.

"नाही. रबरी होडी फाटेल म्हणून घाबरतोय लेकाचा." कॅप्टन हॅल्व्हरसनने पेरिस्कोपवरून डोळा काढला नाही. "दोघं आहेत. मागे बसलेला त्याचा गनर त्याला काहीतरी ओरडून सांगतोय. गनरला कळलंय बघ."

विमान समुद्रात पडलेल्या या दोघांना उचलायचं होतं, पण किनाऱ्यावर जपानी तोफा होत्या, त्यामुळे पाणबुडी वर आणायची सोय नव्हती. पेरिस्कोपची नळी धर, आम्ही ओढून नेतो, एवढंच सांगायचं होतं. पण पाण्याखालून सांगणार कसं? हॅल्व्हरसनने पाणबुडी वळवून पुन्हा आणली. याही वेळी वल्हं आडवं आलं. मग होडीच्या अगदी शेजारी एक गोळा पडला. तिसऱ्या फेरीला वैमानिकाने नळीला दोर गुंडाळला, तेव्हा गनरची मान छातीवर पडली होती.

हॅल्व्हरसनने पाणबुडी किनाऱ्यापासून दूर वळवली.

तोफांच्या टप्प्याबाहेर आल्यावर पाणबुडी वर आली. प्रुइट नावाच्या त्या पोरसवदा वैमानिकाला टीगने डेकवर ओढून घेतलं. गनरला त्यांनी पाण्याच्या स्वाधीन केलं. प्रार्थनेलाही धड वेळ नव्हता. आकाशात शत्रूचं विमान कधीही दिसलं असतं.

प्रुइट शिडीशी अडून उभा राहिला.

"तो कधी गेला, मला कळलंच नाही. माझी पाठ होती त्याच्याकडे." त्याचे दात वाजत होते. "साहेब, तुम्हाला दिसत होतं ना सगळं? मी पहिल्यांदाच नळी धरली असती, तर?"

हॅल्व्हरसनने त्याच्या सोललेल्या तळहातांकडे पाहिलं.

"पहिल्या फेरीलाच तो गेलेला होता," तो म्हणाला.

प्रुइटने मान वळवून टीगकडे पाहिलं. हॅल्व्हरसननेही पाहिलं. साहेबांचा शब्द चुकला की चारचौघांत दुरुस्त करणारा हा माणूस. सगळी पाणबुडी त्याच्या या खोडीला वैतागलेली होती.

टीगने प्रुइटच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

"मी शेजारीच होतो," तो म्हणाला. "साहेब तेव्हाच म्हणाले, एकच जिवंत आहे. चल आता खाली, कॉफी निवतेय."