मऊ त्रिकोण

रेवतीच्या टीचरनी सांगितलं होतं, घरातल्याच वस्तूंपासून आकारांचा तक्ता करा. मंगळवारी दुपारी आम्ही दोघी चारकोपच्या घरात फरशीवर कार्डशीट पसरून बसलो. बांगडीभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळ झालं. काडेपेटी उलगडून आयत झाला. मी सांगत होते, ती चिकटवत होती. तीन आठवडे माझं सगळं असंच चाललंय. कोणीतरी लांबून सांगतं आणि माझे हात करतात.

"आता त्रिकोण. समोशासारखा. शोध बघू."

ती आत पळाली. कपाट उघडल्याचा आवाज आला तरी मी उठले नाही. परत आली ती लंगोटांची चळत छातीशी धरून.

सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे होते ते. बाळ घरी येईपर्यंत आमच्याकडे काही तयार ठेवत नाहीत. पण साडी मऊ होती, मला सवड होती; सातव्या महिन्यातच मी शिवून टाकले. आठव्यात बाळ पोटातच गेलं. रेवतीला आम्ही सांगितलं होतं, बाळ डॉक्टरांकडे झोपलंय.

"सगळे त्रिकोण!" ती म्हणाली. मग थबकली. "पण गोंद वाळला की बाळाला टोचेल ना गं?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत होत्या. "ठेव गो चेडवा ता जाग्यार. कागदाचो कर." मग माझ्याकडे न बघता, "तेव्हाच सांगलंय, आधी शिवूचा नसता."

"म्हणून गेलं का हो, आई?" दूध आलं का विचारावं, तशा आवाजात मी विचारलं.

त्यांनी कोथिंबिरीची पुढची काडी उचलली.

"कोण गेलं?" रेवती म्हणाली.

"बाळ. ते येणार नाही, रेवा."

"झोप झाली तरी?"

"झोपलेलं नाही ते. मेलं. माझ्या पोटातच."

"तिका कशाक गो सांगतंस?" सासूबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

रेवतीनं चळत खाली ठेवली. "पप्पांना माहितीय?"

"हो."

"आजीला?"

"हो."

"म्हणजे मलाच नाही सांगितलं."

"नाही सांगितलं. चुकलं आमचं."

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं चळतीतला सगळ्यात लहान लंगोट काढला, त्याच्या नाड्या कात्रीनं कापल्या, मागे गोंद फासला आणि कार्डशीटवर ठेवला. कोपरे उठायला लागले.

"आई, तू हा दाब. हा मी." तिसरा कोपरा वर येत होता. ती दाराकडे वळली. "आजी, तू पण नाही सांगितलंस. तू ये इकडे."

सासूबाई कोथिंबीर बाजूला ठेवून आल्या. गुडघे दुखतात, तरी खाली बसल्या आणि बोट ठेवलं. तिघी वाकून बसून राहिलो.

"सोडायचं नाही," रेवती म्हणाली. "मी सांगेपर्यंत."