दंतवैद्याच्या खणातले पार्थियन नाणे

मित्रांनो, माझा जन्मच मार खाऊन झाला. मी जुन्या इराणातल्या पार्थियन राजांचे चांदीचे एक नाणे आहे, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांहूनही कितीतरी जुने. एका दांडग्या कारागिराने चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरली आणि वरून घण घातला. एकाच घावात माझ्या एका अंगावर दाढीवाला राजा उमटला आणि दुसऱ्या अंगावर धनुष्य घेऊन बसलेला तिरंदाज. घाव जरा तिरका बसला, म्हणून तिरंदाजाचे पाऊल माझ्याबाहेरच राहिले. त्याबद्दल कारागिराने शेजारच्या माणसाच्या कानाखाली वाजवली आणि मला टोपलीत भिरकावले.

पुढे मी एका घोडेस्वाराच्या कमरपट्ट्यात शिवले गेले आणि त्याच्याबरोबर तुमच्या मुलखात आले. इथल्या पहिल्याच लढाईत त्याच्या बगलेत भाला शिरला. त्याचे रक्त माझ्यावर सुकायच्या आत एकाने तो पट्टा कापून घेतला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत दुसऱ्याने त्या पट्टा कापणाऱ्याचा गळा कापला. हा दुसरा जरा शहाणा होता. त्याने आम्हा सगळ्या नाण्यांना मडक्यात घालून जमिनीत पुरले. तो आम्हाला न्यायला परत आला नाही. का आला नसेल, ते तुम्हीच ओळखा.

मातीत मात्र मला कोणी मारले नाही. माझ्या आयुष्यातली तीच काय ती निवांत वर्षे. मग एका इमारतीचा पाया खणताना यंत्राच्या दातांनी मडके फुटले. तिथे काम करणारे दोघे मजूर सख्खे साडू होते, सकाळी एकाच डब्यात जेवलेले. दुपारी आमच्या वाटणीवरून त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या जबड्यावर फावडे हाणले. जबडा मोडलेला साडू दंतवैद्याकडे आला. त्याचा जबडा तारांनी बांधला गेला. बोलता येत नव्हते, म्हणून त्याने खिशातून मला काढले, फीऐवजी टेबलावर ठेवले आणि नुसते हात जोडले.

असे मी त्या दंतवैद्याच्या घरी गेले. गावभर त्याला मान होता. दुसऱ्यांचे दात काढण्यात त्याचे आयुष्य गेले, पण त्याला स्वतःला दात काढताना कोणी पाहिले नव्हते. त्याला एकच नाद होता, आमचा. पार्थियन राजांची चांदीची नाणी त्याने एका रुंद खणात निळ्या मखमलीवर मांडून ठेवली होती. मला ओळखायला त्याला कितीतरी दिवस लागले. हातमोजे घालून तो मला कडेने धरी, तोलून बघे, भिंगाखाली फिरवी. राजाची दाढी टोकदार की चौकोनी, कपाळावर चामखीळ आहे की नाही, हे पाही. आम्हा नाण्यांवरची ग्रीक अक्षरे पुष्कळदा वेडीवाकडी असतात, कारण ठसे कोरणाऱ्या अनेकांना ती भाषाच येत नव्हती. शेवटी तो तिरंदाजाच्या धनुष्याखालच्या खुणेवर थांबला. नाणे कोणत्या टांकसाळीत पडले, ते ती खूण सांगते. माझ्या खुणेत त्याला एक जास्तीची रेघ दिसली. अशी खूण आजवर कोणी नोंदवली नव्हती. त्या दिवशी तो माझ्याकडे पाहून हसला. तळहाताच्या फोडासारखे जपले हो त्याने मला.

घरात आणखी दोघी होत्या. त्याची बायको शाळेत चित्रकला शिकवी. मुले तिला चित्रबाई म्हणत. दुसरी त्याची म्हातारी आई. संग्रहातल्या प्रत्येक नाण्याचे मोठे चित्र चित्रबाईच काढी, कारण फोटोत बारीक अक्षरे नीट येत नाहीत असे दंतवैद्याचे म्हणणे होते. एकदा तिने एका राजाच्या मुकुटावर ठिपक्यांची एक ओळ कमी काढली. त्याने तिचे डोके धरून कपाटाच्या दारावर आपटले. आमटीत मीठ जास्त पडले तरी मार, शेजारणीशी दारात चार शब्द बोलली तरी मार. मार सुरू झाला की आतल्या खोलीत त्याची आई रेडिओ मोठा करी. मी मखमलीवर पडून सारे ऐकत असे.

एका रविवारी संध्याकाळी संग्राहकांच्या मंडळात माझ्यावर त्याचे व्याख्यान होते. सकाळीच त्याने बायकोला बजावले.

"धनुष्याखालची खूण जशीच्या तशी यायला हवी. एक रेघ इकडची तिकडे झाली तर बघ."

"अहो, पण तिथं काळं साचलंय. मला नीट दिसतच नाही."

"तुला दिसत नाही, कारण तुला बघायचं नसतं."

तो अंघोळीला गेला. चित्रबाई भिंगातून पुन्हा पुन्हा पाहत राहिली. चित्र चुकले तर काय होते ते तिला पाठ होते. शेवटी तिने दातांच्या पावडरीची चिमूट घेतली आणि जुन्या ब्रशने मला घासले. मित्रांनो, जुन्या नाण्याला असे घासणे म्हणजे त्याची कातडी सोलणे. पण खरे सांगते, तिचा हात इतका हलका होता की मला राग आला नाही.

मी लख्ख निघाले, आणि ती जास्तीची रेघ निघून गेली. ज्या रेघेवर त्याने व्याख्यान उभे केले होते, ती रेघ नव्हतीच. तो मळ होता.

दंतवैद्य बाहेर आला. त्याने मला पाहिले. आधी हातमोजे घातले, मला दोन बोटांनी कडेने उचलून टेबलावरच्या मखमलीच्या तुकड्यावर हळूच ठेवले. मग हातमोजे काढून घडी घातली. आणि मग त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला.

ती पडली. त्याने पितळी मुठीचे भिंग उचलले आणि तिच्या उजव्या मनगटावर हाणले, पुन्हा हाणले. हाड मोडल्याचा आवाज मी लढाईत ऐकला होता. तसाच होता तो. तिच्या नाकातले रक्त उडून माझ्याजवळच्या मखमलीवर पडले.

आतला रेडिओ बंद झाला.

म्हातारी बाहेर आली, कपाटाशी गेली आणि नाण्यांचा खण ओढून दोन्ही हातांनी उचलला. ती गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. घर तिसऱ्या मजल्यावर होते.

"तिला सोड."

"आई, तो खण खाली ठेव. हळू ठेव."

"सोड म्हटलं ना तिला."

"तुझ्या हातात काय आहे ते तुला कळत नाही."

"मला सगळं कळतं. या घरात कोणाला हळू ठेवतात आणि कोणाला आपटतात, ते मी रोज बघते."

आणि तिने खण रस्त्यावर पालथा केला. इतकी वर्षे झाकलेली त्या घरातली गोष्ट अशी खणखणत चव्हाट्यावर आली.

दंतवैद्य ओरडत जिन्याने खाली धावला. म्हातारीने लगेच दाराला कडी घातली. चित्रबाईने डाव्या हाताने खुर्ची ओढून दाराला लावली आणि तिच्यावर बसली. खालून गाड्यांचे भोंगे आणि शिव्या ऐकू येत होत्या. थोड्या वेळाने तो वर आला. दोन्ही मुठी नाण्यांनी भरलेल्या असाव्यात, कारण तो दार लाथांनी ठोकत होता. खालची फळी फुटली आणि त्याचा पाय आत आला. म्हातारीने स्वयंपाकघरातून बत्ता आणून त्या पायावर घातला. तो कळवळला. बाहेर नाणी सांडल्याचा आवाज आला.

फुटलेल्या फळीतून त्याचा आवाज आला, आता अगदी हळू.

"आई, टेबलावरच्या नाण्याला कोणी हात लावू नका हं."

बायकोचा हात मोडून पडला होता, आणि तो माझी चौकशी करत होता. मित्रांनो, माझे इतके कौतुक आजवर कोणी केले नव्हते, आणि मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

खालच्या मजल्यावरचा शिंपी पोलिसांना घेऊन आला. पुढे खटला चालला. म्हातारी स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्षीला उभी राहिली. वकिलाने विचारले, "इतकी वर्षं गप्प का बसलात?" ती म्हणाली, "भित्री होते म्हणून." दंतवैद्याला शिक्षा झाली. दोघी सासू-सुना आजही त्याच घरात राहतात.

बाकीची नाणी दोघींनी गोळा करून संग्रहालयाला दिली. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी मला मात्र बाजूला सारले. "हे घासलंय. खूणही नेहमीचीच आहे." म्हणून मी चित्रबाईकडेच राहिले. तिचे मनगट वाकडेच जुळले. ती आता डाव्या हाताने चित्रे काढते. रेघ थरथरते, पण मुकुटावरचे ठिपके ती हवे तितकेच काढते. शाळेत मुले मला हाताळतात, राजाची चामखीळ शोधतात.

मित्रांनो, जुने नाणे सापडले तर त्याला घासू नका, कडेने धरा, जपून ठेवा. ते मी सांगायलाच हवे. पण वस्तूला जपणारा हात माणसालाही जपतोच, असे समजू नका. शेजारच्या बंद दारामागे कोणी मार खात असेल, तर जाऊन ते दार वाजवा, मोठ्यांना बोलवा, गप्प बसू नका. मी सारे पाहत पडून राहिले, कारण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.