वेसीचे खांब

"भौजी, घराचं काय न्यायचं ते ने, पण गोठा राहू दे," अपिसाई मला म्हणाला. वहिनीला इथं भौजी म्हणतात. जमीन त्याच्या, इथल्या मूळ रहिवाशांच्या, घराण्याची. आमचा तीस वर्षांचा भाडेपट्टा त्या शनिवारी संपत होता.

"घरात न्यायला ठेवलंय काय? फळीला हात लावला की भुसा गळतो."

खोटं नव्हतं ते. पट्टा मिळाला तेव्हा माझ्या नवऱ्यानं, बिसेसरनं, घर बांधलं कच्च्या फळ्यांचं आणि बैलांचा गोठा वेसीच्या खांबांवर. वेसी म्हणजे इथलं लोखंडासारखं टणक लाकूड, त्याला वाळवी शिवत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नांगर कोण ओढतं? तू का?" तीस पावसाळे मी गळतीखाली पातेली मांडत फिरले. सुलतान आणि भुरा, त्याचे बैल, मात्र कोरडे. वर डास चावू नयेत म्हणून संध्याकाळी त्यांच्यापुढे नारळाच्या सोडणांचा धूर. डास मलाही चावतात, हे त्या माणसाच्या कधी ध्यानातच आलं नाही. दवाखान्यात शेवटचं बोलला तेही, "धूर केलास का?"

"केला," म्हटलं. त्याच्याच औषधपाण्यासाठी बैल विकून महिना झाला होता.

"अगं, पण खांब नेऊन करणार काय?" अपिसाईनं मुद्दा सोडला नाही. "मला माझ्या गाई बांधता येतील. तुझ्याकडे बैल आहेत कुठं?"

"मी आहे ना. आता मलाच बांधायचं त्या खांबांना."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "ने." शनिवारी पहार घेऊन स्वतःच आला आणि चारही खांब उपटून दिले. पत्रेही उतरवले.

लंबासा शहराबाहेर भावाच्या परड्यात त्या खांबांवर माझी खोली उभी राहिली. पहिल्या पावसात थेंब आत आला नाही. मी रात्रभर रडले, सुखानं नाही, रागानं. कोरडं छप्पर मिळालं ते बैल गेल्यावर, नवरा गेल्यावर, गुडघे गेल्यावर.

मच्छरदाणी बांधायला गेले तर वेसीत खिळा वाकतो आणि गुळगुळीत खांबावरून दोरी घसरते. सुलतानच्या दाव्यानं पडलेली खाच तेवढी आहे, कमरेच्या उंचीला. दोरी तिथंच बसते.

तेव्हापासून मच्छरदाणी नाकाला टेकते. आत शिरताना मान खाली घालावी लागते.

घालते.