निळ्या फुलांखाली माझा माळ

मी सुरय पक्षी बोलतेय. काळ्या टोपीची, लाल चोचीची, दक्षिणेच्या बर्फापासून आइसलँडपर्यंत उडत आलेली. माझ्या ओरडण्यावरून इथले लोक मला ‘क्रीया’ म्हणतात. ओरडणारच! कारण ऐका.

तीन वर्षं दूरच्या समुद्रांवर वाढले. तिथं एकच ध्यास होता, पहिलं अंडं आईच्याच माळावर घालायचं. करड्या गोट्यांचा उघडा माळ, गोट्यांसारखीच अंडी, कोल्हा दुरूनच दिसावा अशी जागा. जूनमध्ये परतले, तर माळच नाही. कंबरभर उंच निळी ल्युपिनची फुलं! एक गोटा दिसेना.

अकराशे वर्षांपूर्वी या माणसांचे पूर्वज होड्यांतून आले. त्यांनी झाडं तोडली, मेंढ्या सोडल्या. उघडी माती वाऱ्यानं नेली. कितीतरी पिढ्यांनी वंशजांना पश्चात्ताप झाला, तर त्यांनी माती धरून ठेवायला परमुलखातलं हे बी आणून दिसेल तिथं फेकलं. माझा माळ उजाड कुठे होता? तिथं आम्ही राहत होतो!

संध्याकाळी स्टेनवोर म्हातारी भाच्याला, ओर्रीला घेऊन आली. आयडर बदकांच्या घरट्यांतली मऊ पिसं गोळा करणं हा तिचा धंदा. आमच्या चोचींच्या पहाऱ्यात ती बदकं निर्धास्त बसायची.

“यंदाही क्रीया बसल्या नाहीत. कोल्ह्यानं सहा बदकं नेली,” ती म्हणाली.

“आत्या, पिशवी भरून बी कोण उधळत होतं गं इथं?”

“मीच. हिरवं दिसावं म्हणून. तू नको शिकवूस!”

मी सूर मारला आणि तिच्या टाळूवर टोचलं. रक्त आलं.

“काठी धर डोक्यावर, आत्या! ती उंच टोकालाच टोचते. डोक्याला भोक पडेल!”

“पडू दे. अक्कल शिरायला वाट तरी होईल.”

मला हसू आलं नाही. पोटातलं अंडं जड झालं होतं. सकाळी दुसरं बेट शोधू, असं मी जोडीदाराला सांगून टाकलं.

सकाळी म्हातारी एकटीच आली. लांब दांड्याचा विळा घेऊन, उघड्या डोक्यानं, काठीशिवाय. मी टोचत राहिले, ती कापत राहिली. रक्त पुसायची, पुन्हा विळा चालवायची. खाटेएवढी जागा मोकळी झाली आणि गोटे दिसले. करडे, माझे.

राग गेलेला नाही. खाटेएवढ्या जागेत आमची वस्ती मावत नाही. पण अंडं मी इथंच घालणार.

उद्याही ये, म्हातारे. मी टोचणारच आहे. विळा आण, काठी आणू नकोस.