बिनजिभेचा कोंबडा

थांबा! आधी आपापले अंगठे दाखवा बघू. कोरडे आहेत? खरंच? मग या जवळ. ज्यांचे ओले असतील त्यांनी तिथूनच ऐकायचं. मित्रांनो, मी एक जुनी लष्करी रायफल आहे, आणि माणसाच्या थुंकीची मला जेवढी किळस येते तेवढी गंजाचीही येत नाही. गंज बिचारा लाजत लाजत, कोपऱ्याकोपऱ्यानं येतो. थुंकी थेट मानेवर येते.

मानेवरच का, तेही सांगते. माझी लोखंडी नळी जिथं लाकडी दस्त्याला मिळते, तिथं वरच्या अंगाला माझ्या कारखान्याचा ठसा आहे. एक कोंबडा. मसुराच्या दाण्याएवढा, मान ताठ, चोच उघडी. घोड्याचं वय दातांवरून काढतात, आमचं काढतात या कोंबड्यावरून. आता एवढा बारीक ठसा, त्यात वर्षानुवर्षांचं तेल आणि मळ. सहजासहजी दिसत नाही. मग जुन्या शस्त्रांचा शौकीन काय करतो? इकडंतिकडं बघतो, अंगठा जिभेवर फिरवतो आणि माझ्या मानेवर खसाखसा घासतो. कोणाच्या थुंकीला तंबाखूचा वास, कोणाच्या कांद्याचा. एकानं तर दातात अडकलेलं काढलं आणि त्याच बोटानं माझं वय विचारलं. शी!

माझा जन्म झाला तेव्हा मोठं युद्ध नुकतंच संपलं होतं. तुम्हाला वाटत असेल, शस्त्र जन्मतं म्हणजे ठिणग्या, घणाचे घाव, गडगडाट! कसलं काय. आमच्या खात्यात जळक्या तेलाचा, घामाचा आणि मुकादमाच्या मोज्यांचा वास असायचा. त्यात मोज्यांचा नंबर पहिला. ठसे ठोकायला एक जाडा माणूस होता. तो तळहातात शिंकायचा आणि त्याच हातानं आमची मान धरायचा. दुसऱ्या हातात कोंबडा कोरलेली पोलादी कांडी. ती मानेवर टेकवायची, वरून हातोडा मारायचा, झालं बारसं.

माझ्या आधी काही दिवस तो ठसेवाला ओरडला, "मुकादम, कोंबड्याची जीभ गेली!"

"कुठं गेली?"

"तुटली हो. कांडीवरची. हे बघा, चोच उघडी आणि आत काहीच उमटत नाही."

मुकादमानं बघितलं आणि पाय खाजवला. "युद्ध संपलं ना? मग आता कोंबड्यानं आरवून उठवायचंय कोणाला? ठोक तसाच."

"नवी कांडी मागवू का?"

"मागव की. ती येईल तेव्हा तुझी नातवंडं घेतील ताब्यात. ठोक!"

झालं. तेव्हापासून आमच्या कारखान्याच्या प्रत्येक रायफलीवर बिनजिभेचा कोंबडा बसला. शौकिनांनी पुढं नावंही पाडली. जीभ असेल ती बोलकी, म्हणजे युद्धातली. जीभ नसेल ती मुकी, म्हणजे नंतरची. मी मुकी. आमची जन्मपत्रिका एवढीच, एका ओळीचीसुद्धा नाही.

मी आयुष्यात कोणावर गोळी झाडली नाही. कारखान्यामागच्या वाळूच्या ढिगावर तेवढी झाडली, आणि ढिगानं तक्रार केली नाही. पुढं मला जवानांच्या प्रशिक्षणशाळेत पाठवलं. तिथं रोज नवशिकी पोरं मला खांद्यावर घ्यायची, पायाशी आपटायची, माझ्या दस्त्याला गाल लावून नेम धरायची. थंडीत सगळ्यांची नाकं वाहायची. नाक कुठं पुसलं जायचं, विचारू नका. वर कवायत शिकवणारा उस्ताद ओरडायचा, "हत्याराला आईसारखं जपा!" आईला असं जपत असाल तर ती माउली घर सोडून गेली असणार.

मग मी म्हातारी झाले. गोदामात पडले. उंदरांनी माझ्यावर काय काय केलं ते मुलांपुढं सांगण्यासारखं नाही. शेवटी माझ्या नळीत पोलाद ठोकून ती कायमची बुजवली, म्हणजे मी शोभेपुरती उरले, आणि लिलावातून आले एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात.

दुकानदाराचं खरं नाव बाजारात कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या थापा इतक्या ताज्या असायच्या की सगळे त्याला लोणकढे म्हणायचे. हेल्मेटाला स्वतःच भोक पाडायचा आणि "गोळी लागलेलं" म्हणून विकायचा.

एके दिवशी दुकानात एक साहेब आले. सत्तरी ओलांडलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना काळा रंग, थोडा कानालाही लागलेला.

"वडील युद्धात होते माझे," ते म्हणाले. "आघाडीवर. त्यांच्या फोटोखाली लावायला रायफल हवीय. चार लोक येतात घरी."

आणि अंगठा गेला तोंडात. या थुंकीला खोकल्याच्या औषधाचा वास होता. घासघास घासलं आणि साहेबांचं तोंड वाकडं झालं. "हॅ! ही तर मुकी. नंतरची. हिनं काय मारलंय? माशी?"

मित्रांनो, शिंका सोसल्या, शेंबूड सोसला, उंदीर सोसले. पण त्या दिवशी आली तशी किळस कधी आली नव्हती. मी कोणाचा जीव घेतला नाही म्हणून एक माणूस माझ्यावर नाक मुरडत होता!

लोणकढे मात्र खुलला. "साहेब, हिची बहीण आहे ना माझ्याकडं! थेट आघाडीवरची. पुढच्या आठवड्यात या."

"बोलकी?"

"पोपटासारखी!"

बहीण कसली नि काय. मीच ती बहीण. साहेबांची पाठ वळली आणि लोणकढेनं मला उचलून मागच्या खोलीत नेलं. व्हिनेगर चोपडलं. ओल्या पोत्यात गुंडाळलं. किल्ल्यांच्या जुडग्यानं दस्त्यावर खड्डे पाडले, लढाईत पडल्यासारखे. तेवढ्यात बायको आत आली.

"अहो, माझ्या किटलीत काय बुडतंय?"

"स्क्रू आहेत. चहात मुरवले की जुने दिसतात."

"तुम्हालाच मुरवायला हवं त्यात. सकाळी सासूबाई प्यायल्या की त्यातला चहा!"

"मग? काही म्हणाली का आई?"

"म्हणाल्या, आज चहा झकास कडक झालाय."

मग आली माझी पाळी. लोणकढेनं सुईसारखी अणकुचीदार छिन्नी कोंबड्याच्या चोचीत टेकवली आणि टक्‌! बसली जीभ. पण जुन्या काळ्या लोखंडात ताजी रेघ पांढरी चमकायला लागली, कवळीतल्या दातासारखी. ती लपवायला त्यानं तिच्यात बुटाचं काळं पॉलिश भरलं. कशानं? ज्या काडीनं आत्ताच कान कोरला होता, त्याच काडीनं. मला ओकता आलं असतं तर त्या दिवशी नळीतलं पोलादसुद्धा बाहेर पडलं असतं.

ठरल्याप्रमाणे साहेब आले. या वेळी सोबत धाकटी बहीण होती. साहेबांच्याच घरी राहून शिवणकाम करणाऱ्या बाई, गळ्यात मापाची फीत तशीच लटकलेली.

"बघ चिमे!" साहेब म्हणाले. "बोलका कोंबडा! बाबांच्या हातात अशीच असणार. किती जणांना लोळवलं असेल बाबांनी!"

"दादा, उगाच काहीतरी बोलू नकोस. बाबा कवायत शिकवायचे पोरांना."

"हळू बोल! लोक विचारतात, वडील युद्धात काय करत होते. काय सांगू? एक-दोन, एक-दोन म्हणत होते?"

"तेच सांग. बाबा जाईपर्यंत म्हणायचे, माझ्या हातून कोणी मेलं नाही, एवढीच माझी कमाई. आणि तीच तू त्यांच्या फोटोखाली पुसून टाकायला निघालास?"

"फोटो माझ्या दिवाणखान्यात आहे," साहेब म्हणाले आणि खिशात हात घातला. लोणकढेनं सुतळी काढलीसुद्धा, मला बांधायला.

संपलं, मला वाटलं. एका भल्या माणसाच्या फोटोखाली मी आयुष्यभर खुनी म्हणून टांगली जाणार. मी खोटी, आणि माझ्यामुळं तोही खोटा.

"जरा बघू तरी तुझा कोंबडा," चिमीबाई म्हणाल्या. आणि अंगठा जिभेवर!

अगं बाई, तूसुद्धा? मला डोळे असते तर मी मिटून घेतले असते. त्यांनी घासलं, नीट दिसेना म्हणून अंगठा पुन्हा जिभेवर फिरवला, आणि तिथंच थांबल्या.

"थू! थू! दादा, हे पॉलिश आहे. बुटाचं."

"छे हो बाई," लोणकढे मध्ये पडला. "ते खास तेल आहे. परदेशी."

"परदेशी? दादा, तू चाखून बघ."

"शी! मी नाही."

"चाख म्हणते ना!"

सत्तरीच्या साहेबांनी मुकाट्यानं माझ्या मानेवर अंगठा घासला आणि जिभेला लावला. पुढं बोलायला त्यांनी तोंड उघडलं ते तसंच राहिलं, माझ्या कोंबड्यासारखं.

"बाबांचे बूट," ते हळूच म्हणाले.

"डावा तुझा, उजवा माझा. थुंकून थुंकून चमकवायचो. पॉलिश तोंडात जायचं आणि बाबा म्हणायचे..."

"...थुंकी कमी, हात जास्त."

"रोज संध्याकाळी, दादा. युद्धाची सगळी वर्षं. आघाडीवर गेलेल्या माणसाचे बूट रोज संध्याकाळी घरी येतात का रे?"

माझ्या मानेवरचं पॉलिश निघालं होतं आणि ती उपरी जीभ उजेडात लखलखत होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच! आता काहीतरी बोलायला हवं म्हणून साहेब दुकानदारावर उखडले, "लोणकढे, ही रायफल खोटी आहे!"

"रायफल खरी आहे दादा," चिमीबाई म्हणाल्या. "तिच्या तोंडात घातलेली जीभ खोटी आहे."

साहेबांनी उगाचच कानावरचा रंग चोळला.

"एवढंच ना?" लोणकढेनं कानस उचलली. "आत्ता घासून काढतो. जीभ होती का नव्हती, कळणारही नाही."

"हात लावाल तर खबरदार! एक खोटं पुसायला तिची सगळी मान खरवडणार? राहू द्या तसंच. दिसू दे, कोणी काय केलंय ते. आम्ही हिला मुकी म्हणूनच नेणार."

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "पाहुण्यांना चहा टाकू का?"

नको म्हणा! नको म्हणा! मी मनातल्या मनात किंचाळले. देव पावला, त्यांना घाई होती.

आता मी त्या फोटोखाली असते. फोटोतल्या गृहस्थांच्या मिशा मला ओळखीच्या वाटतात खऱ्या, पण शाळेत सगळ्याच उस्तादांच्या मिशा तशाच असायच्या. हेच माझे उस्ताद होते असं ठोकून दिलं, तर माझ्यात आणि लोणकढेत फरक काय? पाहुणे आले की साहेब सांगतात, "ही मुकी. जीभ मागाहून घातलीय, एका चोरानं. आणि हे आमचे बाबा. कवायत शिकवायचे. कोणाला मारलं नाही त्यांनी." पहिल्यांदा सांगताना ते अडखळले होते. आता सांगताना मान ताठ असते.

तर मित्रांनो, घरात जुनी वस्तू असेल तर तिची काळजी घ्या, पण माझ्यावर झाली तशी नको. घासू नका, रंगवू नका, चहात बुडवू नका. कोरडा मऊ कपडा पुरे. वय विचारायचं असेल तर भिंग आणा आणि उजेडात धरा. आम्ही सांगतो तेवढंच ऐका. आमच्या तोंडात तुमची जीभ घालू नका. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही हेच पाळलंत तर चालेल.

बरं, आता सरका जरा. आजही पाहुणे आलेत. साहेब त्यांना ठसा दाखवायला पुढं येतायत. आणि बघा, बघा, खोड जाते का? अंगठा निघाला तोंडाकडं. शी, शी, शी! मला ओरडता येत नाही. पण शिवणयंत्राची घरघर थांबते आणि आतल्या खोलीतून आवाज येतो,

"दादा! अंगठा कोरडा!"