लोसेलीच्या चार आठवड्यांचा पगार

ओअमारू गावाच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात लोसेली फिफिता सहा वर्षं चादरी धूत होती. करार तीन दिवसांचा: मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज सहा तास. पण दोन वर्षांपूर्वी धुलाईखान्यातली दुसरी बाई काम सोडून गेली आणि तेव्हापासून सोमवारी, शुक्रवारीही फोन यायला लागला, "लोसेली, येशील का गं आज?" लोसेली जायची. कधी आठवड्याला पाच दिवस भरायचे, कधी चार.

जुलैत तिच्या बापाला ऐंशी वर्षं पुरी होत होती. म्हातारा टोंगाला, हापाई बेटावर. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस. ऑकलंडहून, सिडनीहून सगळी भावंडं जमणार होती आणि लोसेली त्यांच्यात थोरली. नऊ वर्षांत तिनं बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. तिनं चार आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाकला, आयुष्यात पहिल्यांदाच.

मॅनेजर डेस्मंडनं दुसऱ्या दिवशी कागद हातात ठेवला. रजा मंजूर. रजेचा पगार, आठवड्याला चारशे बत्तीस डॉलर.

"डेस्मंड, हे कमी नाही का?" लोसेलीनं विचारलं. "मी तर जवळजवळ रोजच येते."

"तुझा करार अठरा तासांचा आहे, लोसेली. अर्धवेळवाल्यांचं करारावरच निघतं. मी काढत नाही गं, कॉम्प्युटर काढतो." तो हसून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दर नाताळला प्रत्येकीला हॅम द्यायचा.

घरी नवरा सेमीसी मांसाच्या कारखान्यातून येऊन बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "गप बस. उद्या त्यानं सोमवार-शुक्रवार बोलावणंच बंद केलं म्हणजे? तिकिटाचं काढू आपण कुठून तरी."

लोसेली गप्प बसली. पण गप्प बसून तिला झोप येईना की जेवण जाईना.

तोंड उघडलं ते नोएलीननं. नोएलीन आश्रमाच्या स्वयंपाकघरात, तीही अर्धवेळ, साठीची, जिभेला हाड नसलेली. लोसेलीचा रजेचा कागद वाचून ती म्हणाली, "अगं बये, कायदा आहे! कामगारांसाठी सरकारचा फुकटचा फोन आहे. कर की. तुला काय खातात का ते?"

जेवणाच्या सुट्टीत लोसेलीनं फोन केला. पलीकडची बाई शांतपणे बोलली. "दोन आकडे काढायचे. एक, नेहमीच्या आठवड्याचा पगार. दुसरा, गेल्या बारा महिन्यांतली सगळी कमाई भागिले बावन्न. जो मोठा, तो द्यायचा. अर्धवेळ असो की पूर्णवेळ, नियम एकच."

"पुन्हा सांगाल का?" लोसेली म्हणाली. बाईनं पुन्हा सांगितलं. लोसेलीनं ते पावडरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

चौदाव्या वर्षी आई गेली तेव्हा लोसेलीची शाळा सुटली होती. धाकट्या सात जणांचं करता करता भागाकार कुठल्या कुठे गेला. शनिवारी सेमीसी रग्बीला गेल्यावर तिनं वर्षभराच्या पगाराच्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि बेरीज केली. मग ताळा पाहायला पुन्हा केली, तर आकडा वेगळा. तिसऱ्यांदा तिसराच. चिठ्ठ्या भिरकावून द्याव्या असं तिला वाटलं. उठली, चहा प्याली, परत बसली. चौथ्यांदा चौतीस हजार तीनशे वीस आले. पाचव्यांदाही तेच. बावन्ननं भागलं: सहाशे साठ.

सहाशे साठ! तिनं कागदावर दोनदा रेघ ओढली. चारशे बत्तीस कुठे आणि हे कुठे. आठवड्याला दोनशे अठ्ठावीसचा फरक.

सोमवारी अकराच्या चहाला सगळे जमले होते, नोएलीननं चीज रोल भाजून आणले होते. डेस्मंड कपात दूध ओतत होता. लोसेलीनं कागद आधी टेबलावर ठेवला आणि मग बोलायला सुरुवात केली.

"डेस्मंड, तुमच्या कॉम्प्युटरनं एकच आकडा काढलाय. कायद्यात दोन आहेत. मोठा द्यायचा असतो. हा बघा."

"लोसेली, हे चहाच्या वेळी कशाला..."

"मग कधी?" नोएलीन म्हणाली. "चहाशिवाय तू जागेवर सापडतोस कधी?"

सगळे हसले. डेस्मंड हसला नाही. त्यानं कागद वाचला, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचला आणि तो घेऊन ऑफिसात गेला. दार लागलं.

वीस मिनिटं झाली. सुट्टी संपली तरी कोणी उठेना. लोसेलीच्या डोळ्यांसमोर सेमीसी दिसत होता, सोमवार आणि शुक्रवार दिसत होते. आपण काय करून बसलो, असं तिला वाटत होतं.

दार उघडलं. डेस्मंडचे कान लाल झाले होते.

"मी फोन केला तिकडे," तो म्हणाला. "तुझा हिशेब बरोबर आहे. डॉलरनंही चुकलेला नाही. सगळ्यांचं करारावर काढण्याचं मीच बसवून ठेवलं होतं, सहा वर्षांपूर्वी. आता मागचंही सगळं काढून द्यावं लागेल. मला माफ कर, लोसेली."

नोएलीननं रिकाम्या ट्रेवर उलथनं हाणलं आणि खोलीत असा गोंगाट झाला की व्हरांड्यातल्या एका आजोबांनी आत डोकावून विचारलं, "कोण जिंकलं?"

"आम्ही!" नोएलीन ओरडली.

"आणि सोमवार-शुक्रवार?" लोसेलीनं हळूच विचारलं. "मी येऊ ना?"

"येऊ काय? ते आता करारातच घालतो. बाकीच्या तेरा जणींचा हिशेबही बघायचाय. माझ्यावर सोपवलंस तर पुन्हा घोळ होईल. शुक्रवारी दोन तास बसशील माझ्याबरोबर? त्याचा पगार वेगळा."

लोसेली शुक्रवारी बसली. पुठ्ठा समोर ठेवून एकेकीच्या चिठ्ठ्या मांडत गेली. डेस्मंड आकडे वाचायचा, ती बेरीज करायची. नोएलीन नेमानं सोमवारी कामाला येते, तरी सोमवारी आलेली एकही सरकारी सुट्टी तिला भरपगारी मिळालेली नाही, हे लोसेलीच्याच नजरेत आलं. त्याचे पैसे वेगळे निघाले. नोएलीननं भर व्हरांड्यात तिचा मुका घेतला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लोसेली हापाईच्या धक्क्यावर उतरली. भावंडांसाठी चार बॅगा, अंगावर नवा झगा. म्हातारा काठी टेकत पुढे आला. "किती दिवस आहेस?" त्यानं विचारलं.

"चार आठवडे, बाबा," लोसेली म्हणाली. "भरपगारी."

म्हाताऱ्यानं मागे वळून जमलेल्या सगळ्या गावाला ते ओरडून सांगितलं.