बदलीच्या गावातलं तळं

दुपारच्या सामसुमीत दाराची कडी हलकेच वाजली. धाकटीला थोपटता थोपटता नूपुर उठली. दारात वासंतीकाकू. डमडमच्या या कॉलनीत त्यांची वीस वर्षं गेली. तळ्याचं सगळं त्याच बघतात. हातात बादली होती.

"बाळ झोपलं असेल म्हणून बेल नाही वाजवली. हे बघ, आज तळ्यात जाळं टाकलं. खलसे नाहीत, पुंटी नाही, इथला एकही छोटा मासा नाही. नुसते हेच!"

बादलीत काळपट, खरखरीत मासे. घरोघरच्या काचपेटीत काचेला चिकटून राहतात, तेच. नूपुरनं ते लगेच ओळखले.

दोन वर्षांपूर्वी सरकारनं हे तळं उपसलं, काठानं गवत लावलं, इथले नाहीसे झालेले मासे आणून सोडले. केवढा समारंभ झाला होता! मग नूपुरच्या नवऱ्याच्या, प्रथमेशच्या बदलीची बातमी आली. काचपेटी कुठे न्यायची? 'जीव आहे बिचारा, मोकळा जगू दे,' म्हणून तिनंच मुलाच्या, छोट्या अजेयच्या हातून पेटीतले मासे तळ्यात सोडले. पुढे बदली रद्द झाली.

"काकू, आम्हीपण सोडले होते."

काकू रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "तू एकटी नाहीस गं. बदलीची ऑर्डर निघाली की इथलं प्रत्येक घर तेच करतं. सामान ट्रकमध्ये, मासे तळ्यात, पुण्य खिशात! हे परदेशातले. इथल्यांची अंडी खातात, आणि यांना खाणारं इथे कुणी नाही."

"सरकार पुन्हा मासे देईल ना?"

"सकाळीच मत्स्यखात्याचे साहेब येऊन गेले. म्हणाले, 'दीदी, एकच तळं कितीदा भरायचं?' काय चुकलं त्यांचं? त्यांनी आणून दिलं. राखायचं कुणी? बाकी सगळी बदलीची माणसं, त्यांना हे तळं कधी आपलं वाटलंच नाही!"

नूपुर बादलीकडे बघत म्हणाली, "संध्याकाळी कॉलनीच्या मीटिंगमध्ये मी सांगते सगळ्यांसमोर. निदान पुढचं घर तरी सोडणार नाही."

"सांग. तळं त्यानं परत नाही यायचं. पण सांग."

खरंच, जीव सोडून दिला म्हणजे वाचवला असं नसतं; कुणाच्या घरात सोडतोय, ते आधी बघावं लागतं. आणि सरकारनं परत आणलेलं राखायचं, तर तीन वर्षांपुरत्या गावालाही आपलं म्हणावं लागतं. नूपुरला हे कळलं, पण तळं गेल्यावर!

अजेय केव्हाचा बादलीशी उकिडवा बसला होता. एका माशाच्या पाठीवर बोट ठेवून त्यानं वर पाहिलं.

"आई, मग याला कुठे सोडायचं होतं?"